बांबूचा कमठा घरीच करतोय : पहिला मोडला, दुसऱ्यासाठी सल्ला हवाय

कोपरीचा_पक्या | १२ मे, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी,

आधी कबुली. मी सुतार नाही, तिरंदाजही नाही. ठाण्यात कोपरीला दोन खोल्यांत राहतो आणि दिवसभर हापिसात एक्सेलच्या चौकटी भरतो. लहानपणी आकाशकंदिलाच्या उरलेल्या कामटीला सुतळी बांधून खराट्याच्या काड्या सोडायचो, त्याला तिरकमठा म्हणायचो. अनुभव तेवढाच. गेल्या हिवाळ्यात खूळ घेतलं की एक खराखुरा कमठा, म्हणजे धनुष्य, हाताने करायचा. फायबर नाही, मशीन नाही. कोयता, कानस आणि फुटकी काच.

पहिला झाला. म्हणजे झाला आणि मोडला. काय काय केलं ते सांगतो, चूक तुम्ही शोधा.

मांडववाल्याचे बांबू लांबलचक पण पोकळ, भिंत अगदी पातळ. म्हणून लाठ्या-काठ्या विकणाऱ्याकडे गेलो. त्याच्याकडे मानवेल मिळाला, बुंध्याकडे जवळजवळ भरीव. पावणेसहा फुटांचा तुकडा घेऊन मधून चिरला. ‘चिरला’ हे लिहायला सोपं आहे. कोयता कांड्यातून सरसर जातो आणि गाठीपाशी जो अडतो तो वरून हातोडीने ठोकल्याशिवाय हलत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा वर येऊन गेल्या.

मापाचं असं केलं : दोन्ही हात पसरून या टोकापासून त्या टोकापर्यंतचं अंतर भागिले अडीच, म्हणजे आपली ओढ (बाण लावून दोरी किती मागे खेचायची ते अंतर). माझं अंतर ६७ इंच, म्हणजे ओढ २७ च्या जरा आत. धनुष्य ओढीच्या दुपटीहून बरंच लांब असावं, म्हणून ६६ इंच ठेवलं. मुठीपाशी रुंदी ४ सेंटिमीटर, टोकांना दीड. साल निशाणाच्या बाजूला, पोटाची बाजू माझ्याकडे. पोटाकडून काचेने खरवडत गेलो, दीड महिना, रोज रात्री जेवण झाल्यावर.

शेवटी देखणा दिसावा म्हणून बाहेरून गाठींचे उंचवटे पॉलिश पेपरने घासून सपाट केले आणि अळशीचं तेल चोळलं. आरशासारखा झाला हो! रविवारी गच्चीवर ओढून बघत होतो. २२ इंचांपर्यंत आला आणि ‘टक्’. वरच्या पात्यावर (मुठीच्या वरचा अर्धा भाग) दुसऱ्या गाठीपाशी बाहेरून एक लांब ढलपी उभी राहिली. मी शहाण्याने पुन्हा ओढला. तुकडा कानाजवळून गेला तो थेट पाण्याच्या टाकीवर. आई तेव्हापासून कमठा हा शब्द उच्चारू देत नाही.

दुसरा तुकडा कोपऱ्यात उभा आहे. त्याच्या वाटेला जाण्याआधी कोणी जाणकार असेल तर बोला.

शंकासूर | १२ मे, रात्री ११:४८

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. खालच्या काकूंना या धाग्याची लिंक पाठवू नका म्हणजे झालं.

अर्धवट_सुतार | १३ मे, सकाळी ७:१५

पक्याशेठ, निदान तुम्हीच लिहून ठेवलंय. ‘देखणा दिसावा म्हणून.’

बांबूची सगळी ताकद बाहेरच्या सालीलगतच्या धाग्यांत असते. आडवा कापलेला बांबू उजेडात धरून बघा, बाहेरच्या कडेला काळपट ठिपक्यांची दाटी दिसेल आणि आत येता येता ते विरळ होत जातील. ते ठिपके म्हणजे धागे. धनुष्य ओढलं की बाहेरची बाजू ताणली जाते आणि पोटाची बाजू दाबली जाते. ताण झेलणारे जे सर्वात चिवट धागे, तेच तुम्ही गाठीवर घासून तोडलेत. गाठीत धागे आधीच वाकडेतिकडे झालेले असतात, तिथे ते तुटले की ढलपी उठणारच. ती उठल्यावर पुन्हा ओढलंत, त्याबद्दल मात्र तुमच्या आईच्या बाजूने आहे.

नियम एकच. सालीला हात लावायचा नाही. बांबूची साल म्हणजे नवरीचा शालू, इस्त्री करायला घेऊ नये. गाठी बाहेरून जशा आहेत तशा राहू द्या. आतले पडदे तेवढे पटाशीने साफ करा, आणि तिथेसुद्धा गाठीपाशी आजूबाजूपेक्षा जाडी किंचित जास्त सोडा.

लाकडाचं धनुष्य असेल तरी तत्त्व हेच. तिथे सालीऐवजी खोडाचं एक अखंड वलय पाठीवर राखतात. मी ऐरोलीत राहायला आलो तेव्हा जुन्या चौकटीच्या सागाची पट्टी घेऊन कमठा करायला बसलो होतो. चौकटीला काय, करवतीने सरळ कापलेली असते, पण लाकडाची रेषा तिरकी निघून गेलेली असते. ती पट्टी जिथे रेषा बाहेर पडत होती तिथेच, पेन्सिलीने आखल्यासारखी, फाटली.

पारसिकची_मैना | १३ मे, सकाळी ९:०२

वाचतेय. फोटो टाका ना मोडक्या धनुष्याचे, अशी मोडतोड फार शिकवते.

बंड्या_वागळे | १३ मे, दुपारी १:३०

एवढं लाठीवाल्याकडे कशाला जायचं? येऊरला जा की राव, बांबूच बांबू. तोडायचा तिथेच आणि नेम पण तिथेच धरायचा. मोकळं रान आहे.

गस्तवाला | १३ मे, दुपारी १:५५

बंड्याभाऊ, उत्तम सल्ला. रात्रीचं जेवण वनखात्याकडून.

येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. तिथून काडीसुद्धा आणायची नाही. आणि नेम धरायचं तर विसराच. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये ‘शस्त्र’ या शब्दाची व्याख्या दिली आहे, त्यात धनुष्यबाण नावानिशी आहे. परवानगीवाचून शस्त्र घेऊन उद्यानात पाय ठेवणं हाच गुन्हा, मग तुम्ही तिथे बिबट्यावर नेम धरा नाहीतर नारळावर. खारघरच्या डोंगरावर वगैरे जाणाऱ्यांनीही आधी जमीन कोणाची ते बघावं.

खाजगी जमिनीतल्या बांबूला मात्र आता अडचण नाही. भारतीय वन अधिनियमात बांबूची गणना झाडांत होत होती, त्यामुळे स्वतःच्या शेतातला बांबू तोडून नेतानाही परवान्याच्या भानगडी असायच्या. २०१७ च्या नोव्हेंबरात अध्यादेश काढून व्याख्येतून बांबू वगळला. गावी कोणाच्या बांधावर बेट असेल तर त्यांच्याकडून घ्या.

बंड्या_वागळे | १३ मे, दुपारी २:१०

प्रकाटाआ, म्हणजे ‘प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे’. (काढता येत नाहीये, पण काढला असं समजा.)

तापीकाठ | १३ मे, रात्री १०:३५

मी मूळचा नंदुरबारकडचा, सध्या घणसोली. आमच्याकडे भिल्लांच्या घरी कमठा भिंतीला टांगलेला लहानपणी रोज पाहिलाय. कमठा बांबूचा हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याची दोरीसुद्धा बांबूचीच असते हे शहरात सांगितलं की पटत नाही. सालीची एक चिंचोळी, लांबच्या लांब पट्टी काढतात, ती घासून एकसारखी करतात आणि दोन टोकांना वेगळ्या दोरीच्या गाठी करून तिला अडकवतात. ती पट्टी ताणत नाही. त्यामुळे बाण सुटताना जो आवाज येतो तो सुताच्या दोरीसारखा ‘डुंग’ नसतो, सुका ‘टण्’ असतो.

आणखी एक. बाण ओढताना अंगठा लावत नाहीत, तर्जनी आणि मधल्या बोटात धरतात. का, तर एकलव्याचा मान. आमचे मास्तर हे सांगताना दरवेळी स्वतःचा अंगठा मुठीत लपवायचे.

पक्याभाऊ, तुमच्या पहिल्या कमठ्याला दोरी कसली होती?

कोपरीचा_पक्या | १३ मे, रात्री ११:०५

@अर्धवट_सुतार, दंडवत. सहा महिने डोकं खाजवत होतो, तुम्ही सकाळी चहाच्या आधी सोडवलंत.

@तापीकाठ, दोरी नायलॉनची. हार्डवेअरच्या दुकानातली.

तापीकाठ | १३ मे, रात्री ११:१२

हरे राम. नायलॉन रबरासारखं ताणतं. ओढ कमठ्याऐवजी दोरीच खाते. ताग किंवा अंबाडी वळा, नाहीतर सरळ पॉलिस्टरचा जाड दोरा बारा-चौदा पदरी घ्या. दोरीची ताकद धनुष्याच्या वजनाच्या (म्हणजे ते पूर्ण ओढायला जेवढा जोर लागतो त्याच्या) चौपट तरी हवी, कारण सुटताना झटका बसतो तो ओढीपेक्षा कितीतरी मोठा असतो.

शंकासूर | १४ मे, सकाळी १०:४०

एक मूलभूत शंका. शीर्षकात नाही पण धाग्यात सगळे ‘पारंपरिक’च्या सुरात बोलताय. कोणती परंपरा? आपल्या चित्रांत राजेमहाराजांच्या हातात जे नागमोडी धनुष्य दिसतं ते बांबूचं नाही.

वाशीचे_आजोबा | १४ मे, दुपारी ४:२०

शंकासूर, शंका रास्त आहे. ते नागमोडी धनुष्य म्हणजे मधे लाकडाचा गाभा, पोटाला शिंगाच्या पट्ट्या, पाठीला जनावराचे स्नायू, आणि हे सगळं सरसात चिकटवलेलं. आखूड असतं, घोड्यावरून मारता येतं, ताकद अफाट. पण सरस म्हणजे शेवटी दमट हवेत मऊ पडणारी वस्तू. आपल्याकडे अख्खं पोलादाचं धनुष्यही घडवत. ते शिंगाच्या धनुष्याइतकं चपळ नाही, पण कोठारात वर्षानुवर्षं पडून राहिलं तरी बिघडत नाही.

साध्या एकसंध धनुष्याची परंपरा त्याहून जुनी. ग्रीक इतिहासकार एरियनने भारतातल्या पायदळाचं वर्णन केलंय : धनुष्य माणसाच्या उंचीचं, खालचं टोक जमिनीला टेकवून डाव्या पायाने दाबून धरत आणि दोरी मागे ओढत. आता पक्याच्या कमठ्याकडे बघा, साडेपाच फूट! दरबारी चित्रांपेक्षा तो या पायदळातल्या शिपायाचा वारसदार ठरतो.

माझ्या लहानपणी आमच्या आळीत पिंजारी यायचा. त्याची ती भली मोठी धनुकली, तांतीचा ‘टँव टँव’ आवाज आणि उडणारा कापूस. बाण न सोडणारं धनुष्य मी पहिलं पाहिलं ते ते. आता गाद्या तयार येतात.

पारसिकची_मैना | १४ मे, संध्या. ६:०५

आजोबा, क्या बात है. धनुकली हा शब्द किती वर्षांनी वाचला!

अवांतर : ‘गलोल’ म्हणजे आपण आता रबराची बेचकी समजतो, पण जुन्या मराठीत गलोल म्हणजे खड्यांचं धनुष्य. दोन दोऱ्या आणि मधे खडा ठेवायला छोटी झोळी.

मीरा_नेरुळ | १४ मे, रात्री ९:५०

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, तेवढ्यापुरतं बोलते.

पात्याचा ताठपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात असतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे काय, तर रुंदी ४० मिलिमीटरवरून ३६ वर आणली तर ताठपणा १० टक्के कमी होतो. जाडी १२ वरून ११ वर आणली, फक्त एक मिलिमीटर, की तो २३ टक्के गेला. कोयत्याचा एक जोरकस फटका म्हणजे पाव धनुष्य गायब.

म्हणून आधी बाजूंनी रुंदीचा आकार पुरा करा, जाडीला सर्वात शेवटी हात घाला. आणि जाडी कमी करायला काच किंवा सुरीची पाठच, कोयता नव्हे.

दुसरं. तुमचा बांबू एका टोकाला बुंध्याकडचा आणि दुसऱ्या टोकाला शेंड्याकडचा. बुंध्याकडची भिंत जाड, म्हणजे ते पातं मुळातच ताठ. दोन्ही बाजू मोजून सारख्या खरवडल्या तर दोन्ही सारख्या वाकणार नाहीत. हाताने नाही, डोळ्याने मोजायचं.

अर्धवट_सुतार | १५ मे, सकाळी ७:२०

मीराताईंना +१००. आणि हे ‘डोळ्याने मोजणं’ म्हणजेच सगळा खेळ. इंग्रजीत टिलरिंग म्हणतात. मराठीत नीट शब्द नाही.

शंकासूर | १५ मे, सकाळी ९:३०

समतोलन?

पारसिकची_मैना | १५ मे, सकाळी ९:३४

शासकीय परिपत्रक क्रमांक अमुक, विषय : कमठ्याचे समतोलन करणेबाबत.

तापीकाठ | १५ मे, सकाळी ९:५०

वळण लावणे. पोरांना लावतात तसं.

अर्धवट_सुतार | १५ मे, सकाळी १०:१५

झालं! ठरलं. वळण लावणे.

तर पक्याशेठ, वळण असं लावा. एका फळीला वरच्या टोकाला मूठ बसेल अशी खाच करायची आणि खाली दर दोन इंचांवर दोरी अडकवायला खाचा. कमठा त्यावर ठेवून आधी लांब सैल दोरीने ओढायचा, चार-पाच इंच, बस्स. दहा पावलं मागे जाऊन बघायचं. कुठे पट्टी सरळसोट राहिली आहे, कुठे एकदम मोडल्यासारखी वाकली आहे. सरळ राहिली तिथे पेन्सिलीने खूण. जिथे जास्त वाकते तिथे हात लावायचा नाही, पाहुण्यासारखं वागवायचं. खुणेवर पाच-दहा वेळा काच ओढायची, मग हलकेच वीस-तीस वेळा वाकवायचं म्हणजे लाकडाला नवा आकार कळतो, मग पुन्हा बघायचं. या वीस वाकवण्या लोक गाळतात आणि मग म्हणतात, काल बरोबर होतं, आज कसं बिघडलं.

आणि शेवटी जेवढं वजन हवं आहे त्याच्या वर एकदाही ओढायचं नाही. तुम्हाला १४ किलोचा हवा असेल आणि १४ किलोला तो १५ इंचच येत असेल तर तिथेच थांबा, खरवडा, मग पुढचा इंच.

मीरा_नेरुळ | १५ मे, रात्री १०:००

वजन मोजायला विमानतळावर बॅगा मोजायचा तो हातातला डिजिटल काटा चालतो.

कोपरीचा_पक्या | २ जून, रात्री ११:३०

प्रगतीचा अहवाल.

फळी ठेवायला घरात जागा नाही. मग छताकडे लक्ष गेलं. बाल्कनीत कपडे वाळवायच्या नळ्या दोरी-कप्पीवर वरखाली होतात ना, त्यातली एक नळी काढली, तिची कप्पी घेतली. कप्पी खाली कपाटाच्या पायाशी बांधली, कमठा वर खिडकीच्या चौकटीत अडकवला, दोरी कप्पीतून फिरवून समोरच्या भिंतीपर्यंत नेली. आता मी भिंतीपाशी उभा राहून दोरी ओढतो आणि दहा फुटांवरून वळण बघतो. मधे काटा. मागे पांढरी चादर टांगली, म्हणजे आकार उठून दिसतो.

आईचं म्हणणं : एका नळीचे कपडे आता कुठे वाळवायचे ते पण त्या धाग्यावर विचार.

बुंध्याकडचं पातं खरंच हट्टी निघालं. वरच्याच्या दीडपट खरवडलं तेव्हा कुठे वाकायला लागलं. काल रात्री पहिल्यांदा दोन्ही पाती सारखी दिसली आणि मी दहा मिनिटं नुसता बघत बसलो. आज ओढ २० इंच, वजन ११ किलो.

एक उद्योग आणखी केला. पोटाची बाजू गॅसवर शेकली. बांबू हिरवट-पिवळा होता, शेकताना अंगातून तेलासारखा ओलावा फुटला, तो फडक्याने पुसला, रंग मधासारखा झाला. पट्टी जरा ताठ झाल्यासारखी वाटते. भास आहे का खरं?

अर्धवट_सुतार | ३ जून, सकाळी ७:१०

खरं आहे. शेकल्याने पोटाची बाजू कडक होते, दाब जास्त सोसते. फक्त साल शेकू नका, ती ठिसूळ होईल. आणि शेकल्यावर लगेच ओढू नका. लाकूड हाडासारखं कोरडं झालेलं असतं, चार-पाच दिवस हवेतली ओल थोडी परत घेऊ दे.

वाशीचे_आजोबा | ३ जून, सकाळी ११:००

हवेतली ओल म्हणालात आणि सात तारखेला मृग. मुंबईत ओल मागावी लागत नाही.

बंड्या_वागळे | ३ जून, दुपारी ३:१५

आम्ही कॉलेजात असताना मित्राच्या गावचा एक कमठा आणला होता, अंबाडीची दोरी. माझ्या भाच्याने बाण न लावताच ओढला आणि सोडला. ‘फाट!’ दोन तुकडे. तेव्हा वाटलं जुना होता म्हणून गेला.

मीरा_नेरुळ | ३ जून, दुपारी ३:४०

जुना म्हणून नाही. ओढलेल्या धनुष्यातली ऊर्जा बाण घेऊन जातो. बाणच नसेल तर ती जाणार कुठे? दोरी थांबली की सगळा झटका पात्यांतच जिरतो. रिकामा कमठा कधीच सोडायचा नाही, ओढलाच असेल तर हळूहळू परत आणायचा. पक्याभाऊ, तुमचा कमठा पाहुण्यांच्या पोरांपासून उंच ठेवा.

कोपरीचा_पक्या | २७ जुलै, रात्री १०:५०

धागा वर काढतोय, कारण रडगाणं आहे.

जूनच्या शेवटी कमठा २६ इंचांपर्यंत आला होता, वजन भरलं १५ किलो. मी खूश. दोरी चढवून दाराच्या मागे टांगून ठेवला, येता-जाता बघायला. तीन आठवडे असाच. काल दोरी उतरवली तर पठ्ठ्या सरळच होईना, दोन इंच बाक कायमचा. पुन्हा मोजलं, १२ किलो. शिवाय मुठीपाशी पांढरी बुरशी, आणि कोपऱ्यात ठेवलेल्या उरलेल्या तुकड्याखाली पिठासारखी पूड. झाडून काढली, दुसऱ्या दिवशी पुन्हा पूड.

वाशीचे_आजोबा | २८ जुलै, सकाळी ८:३०

दोरी चढवून तीन आठवडे, तेही आषाढात! अहो, माणूस तीन आठवडे ओणवा उभा राहिला तर तोही सरळ होणार नाही. वापरायचा तेव्हाच दोरी चढवायची, काम झालं की उतरवायची. ओलं लाकूड दाब सोसत नाही, पोटाकडचे धागे चेपतात आणि चेपलेले परत उठत नाहीत. ते दोन इंच आता त्याचेच.

पूड म्हणजे भुंगेरा. बांबूतलं पिठूळ सत्त्व खायला येतो. म्हणून गावाकडे बांबू तोडला की ओढ्यात दगडाखाली काही आठवडे बुडवून ठेवतात, सत्त्व पाण्यात उतरतं आणि किड्याला चव राहत नाही. मग सावलीत उभा करून वाळवतात. घरात आणलेली वस्तू चुलीच्या वर, धुरात. तुमच्याकडे चूल नाही, तेव्हा तो पूड पडणारा तुकडा आधी घराबाहेर काढा, नाहीतर पाट-खाटा सगळं पोखरेल.

गस्तवाला | २८ जुलै, सकाळी ९:४५

बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात बुडवणं हा शहरी उपाय. सुपारीएवढी भोकं दिसायची वाट बघू नका, त्यांची भोकं टाचणीएवढीच असतात.

अर्धवट_सुतार | २८ जुलै, दुपारी १२:३०

१२ किलो म्हणजे साधारण २६ पौंड. पहिल्या कमठ्याला उत्तम वजन आहे, उगाच तोंड पाडू नका. फ्रिजच्या मागे भिंतीशी ऊब असते, तिथे आडवा ठेवा, दोन टेकूंवर. एका टोकावर उभा ठेवला तर आणखी एक बाक मिळेल, फुकट.

शंकासूर | २८ जुलै, दुपारी १:००

पक्याभाऊ, तुम्हाला धीर म्हणून सांगतो. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात ५,३०० वर्षांपूर्वीचा माणूस सापडला, ओट्झी. त्याच्याजवळ यू लाकडाचं १.८२ मीटरचं धनुष्य होतं, अर्धवट घडवलेलं, दोरीशिवाय. भात्यात १४ बाण, त्यातले पुरे झालेले दोनच. म्हणजे घेतलेलं काम पुढच्या रविवारी करू म्हणणारे तेव्हाही होते.

पारसिकची_मैना | २८ जुलै, दुपारी १:२०

हा प्रतिसाद फ्रेम करून माझ्या विणकामाच्या टोपलीवर लावतेय.

तापीकाठ | २९ जुलै, रात्री ९:१५

पावसाळ्यात कमठ्याचा नाद सोडा, बाण करा. बाणाला बोरू घ्या, सरळ आणि हलका. शर म्हणजे बाण आणि शर म्हणजे ते गवतही, जुनं नातं आहे. पिसं कोंबडीवाल्याकडे फुकट मिळतील, पण पंखाची मोठी पिसं निवडा आणि एका बाणाला सगळी एकाच बाजूच्या पंखाची. डावी-उजवी मिसळलीत तर बाण डोकं धरून फिरेल. मोराची वगैरे नकोत, गस्तवाले येतील.

गस्तवाला | २९ जुलै, रात्री ९:२२

हजर.

कोपरीचा_पक्या | २३ नोव्हेंबर, रात्री ९:४०

मंडळी, सुटला!

दिवाळी झाली, हवा कोरडी पडली, कमठा फ्रिजमागून बाहेर काढला. वजन पुन्हा मोजलं, १३ किलो, २६ इंचांना. ओल गेली तसा एक किलो परत आला, बाक मात्र आजोबा म्हणाले तसा तिथेच आहे. पॉलिस्टरची दोरी चौदा पदरी, दोन्ही टोकांना फास. दोरी आणि मूठ यांच्यातलं अंतर मूठ मिटून अंगठा उभा केल्याएवढं.

ठाण्यात कुठे मारणार? मुरबाडला मामेभावाचं शेत आहे, भात झोडून झालेलं. जुन्या कपड्यांनी ठासलेली दोन पोती उभी केली, मागे मातीचा बांध, त्याच्या अंगाला पेंढ्याची उडवी. मागे-पुढे कोणी नाही हे भावाने दोनदा फिरून बघितलं. पंधरा पावलांवरून उभा राहिलो. हात थरथरत होता, वजनाने नाही. पहिल्याचा ‘टक्’ आठवत होता.

पहिला बाण पोत्याच्या खालून मातीत. दुसरा पोत्यात! आरपार नाही, पण बोटभर आत. तिसऱ्याला मला अंगात आलं, जास्त ओढला गेला, पोत्यावरून सरळ उडवीत. आम्ही दोघांनी तासभर पेंढा उपसला, मिळाला नाही. एकूण चाळीस बाण मारले, पोत्याला अकरा लागले. एकूण एक डावीकडे. संध्याकाळी डाव्या हाताच्या आतल्या बाजूला दोरीचे फटके बसून वांग्याएवढा जांभळा डाग.

कमठ्याला काही झालं नाही. खालचं पातं अजून नखभर ताठ आहे, पण आता खरवडणार नाही.

अर्धवट_सुतार | २३ नोव्हेंबर, रात्री ९:५५

हाबिणंदण! खरवडू नका. खालचं पातं किंचित ताठ असलेलंच बरं, दोन बोटांनी ओढताना त्याच्यावर जोर जास्त येतो. डावीकडे जाण्याचं कारण बाण जास्त ताठ असणार. बाण सुटताना कमठ्याला वळसा घालून जातो, तो वाकायला हवा. बोरू जरा बारीक घ्या, किंवा टोक थोडं जड करा. आणि कोपर थोडं बाहेर फिरवून धरा, फटके थांबतील.

मीरा_नेरुळ | २३ नोव्हेंबर, रात्री १०:१०

चाळीसात अकरा! माझ्या वर्गाची सरासरी याहून वाईट आहे.

तापीकाठ | २३ नोव्हेंबर, रात्री १०:३०

आवाज कसा आला? डुंग का टण्?

कोपरीचा_पक्या | २३ नोव्हेंबर, रात्री १०:४२

डुंग. पुढच्या वेळी बांबूची दोरी. बांधावरचा एक मानवेल भावाने तोडून ओढ्यात बुडवलाय, वर दगड ठेवून.

बंड्या_वागळे | २४ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

काकूंचं काय झालं ते राहिलं.

कोपरीचा_पक्या | २४ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

काकूंच्या नातवाला तिरकमठा हवाय. कामटीचा करून दिला, खराट्याच्या काड्यांसकट. आता काकू वर येतात ते काड्या परत मागायला, खराटा त्यांचाच होता.

कोपरीचा_पक्या | ९ डिसेंबर, रात्री ८:०५

मुरबाडहून आत्ता भावाचा फोन. बैलांना पेंढा काढताना बाण सापडला. पिसं उंदरांनी खाल्लीत, बोरू शाबूत. विचारत होता, मिरचीच्या रोपाला आधार द्यायला घेऊ का.